विश्लेषण : फॅशन ब्रँडचे स्मार्टवॉच… पट्टा टिकतो, मग घड्याळ का टिकत नाही?

स्मार्टवॉचच्या पाठीवर एखाद्या नामांकित फॅशन घराण्याचे नाव कोरले की त्याची किंमत दुप्पट, तिप्पट, कधी कधी तीस-चाळीस पट होते. गेल्या दहा वर्षांत असे प्रयोग अनेकांनी केले. त्यातले थोडे टिकले, बरेचसे गुंडाळले गेले. पण ज्यांनी अशी घड्याळे घेतली, त्यांच्या हातात आज काय उरले? सोन्याचे घड्याळ तीन-साडेतीन वर्षांत जुने का झाले आणि चामड्याचा पट्टा दहा वर्षांनंतरही कसा चालतो, याचा हा आढावा…

सध्या हा विषय चर्चेत का?

ॲपल आणि पॅरिसचे फॅशन घराणे एर्मेस (आपल्याकडे अनेक जण त्याचा उच्चार ‘हर्मिस’ करतात) यांच्या भागीदारीला सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली. ९ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲपल वॉच एर्मेस’ची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला ते विक्रीस आले. त्यानंतर ॲपलच्या नव्या घड्याळांबरोबर एर्मेस आवृत्त्या येत राहिल्या. २०२५ च्या ‘सीरिज ११’ आणि ‘अल्ट्रा ३’ मध्येही एर्मेस आहेच. तंत्रज्ञानाच्या जगात दहा वर्षे चाललेली फॅशन भागीदारी ही दुर्मीळ गोष्ट.

याच दशकात उलट बाजूही दिसली. मायकल कोर्स, एम्पोरिओ अर्मानी, डिझेल अशा नावांची स्मार्टवॉच बनवणारा अमेरिकेतील फॉसिल समूह जानेवारी २०२४ मध्ये या धंद्यातून बाहेर पडला. भारतात स्वस्त स्मार्टवॉचची लाट ओसरली. २०२४ मध्ये देशातील स्मार्टवॉचचा पुरवठा सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे ‘आयडीसी’ या बाजार संशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. स्वस्त घड्याळाचा कंटाळा आलेला ग्राहक आता ‘एकदाच चांगले घेऊ’ म्हणत वरच्या किमतीकडे पाहतो आहे. त्यामुळे ‘चांगले’ म्हणजे काय आणि ते किती वर्षे चांगले राहते, हा प्रश्न त्याच्या खिशाशी जोडलेला आहे.

सोन्याच्या ॲपल वॉचचे काय झाले?

या साऱ्या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे पहिले ‘ॲपल वॉच एडिशन’. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या या घड्याळाची पेटी १८ कॅरेट सोन्याची होती आणि अमेरिकेतील किंमत १० हजार ते १७ हजार डॉलर. ॲपलने त्यासाठी तयारीही जय्यत केली होती. बर्बरीच्या प्रमुख अँजेला अॅरेंड्ट्स आणि इव्ह साँ लोराँचे प्रमुख पॉल देनेव्ह यांना कंपनीने आधीच आपल्याकडे घेतले होते. घड्याळ बाजारात येण्यापूर्वीच ते पॅरिसच्या फॅशन सप्ताहात मांडले गेले आणि ‘व्होग’मध्ये त्याच्या पानेच्या पाने जाहिराती झळकल्या.

पण सोन्याच्या पेटीत जे होते, ते ३४९ डॉलरच्या ॲल्युमिनियमच्या घड्याळात होते तेच. तीच ‘एस १’ चिप, तेच संवेदक, तीच बॅटरी. १७ हजार डॉलर मोजणाऱ्याला घड्याळ तसूभरही जलद मिळाले नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, ॲपलने सोन्याचे घड्याळ बंद करून त्या जागी सिरॅमिकची आवृत्ती आणली. तिची किंमत होती १,२४९ डॉलर. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ‘वॉचओएस ५’ आली तेव्हा पहिल्या पिढीच्या सर्व घड्याळांना तिच्यातून वगळण्यात आले. ३४९ डॉलरचेही आणि १७ हजार डॉलरचेही. शेवटी २०२३ मध्ये ॲपलने पहिल्या पिढीतील सर्व घड्याळे ‘कालबाह्य’ उत्पादनांच्या यादीत टाकली. विक्री थांबल्यानंतर सात वर्षे उलटली की कंपनीच्या नियमानुसार उत्पादन या यादीत जाते आणि त्याची दुरुस्ती व सुटे भाग कंपनीकडून मिळणे बंद होते.

म्हणजे आज त्या घड्याळाचे मोल काय? एखादा संग्राहक भेटला तर गोष्ट वेगळी. एरवी आपल्याकडचा कोणताही सराफ जे सांगेल तेच : वजन करा, ७५ टक्के सोने धरा आणि आजच्या भावाने हिशेब करा. भारतात २०१५ मध्ये दहा ग्रॅम सोने २५ ते २८ हजार रुपयांच्या घरात होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने प्रथमच एक लाखाचा टप्पा गाठला. म्हणजे त्या घड्याळातील धातूचे मोल जवळपास चौपट झाले आणि घड्याळाचे मोल शून्याकडे गेले. दागिना मोडताना घडणावळ बुडते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. इथे मूळ किमतीचा मोठा भाग ही घडणावळच होती, म्हणून मोठा भाग बुडाला.

मग एर्मेसची भागीदारी का टिकली?

एर्मेस हे घराणे १८३७ मध्ये घोड्यांचे साज बनवण्यापासून सुरू झाले. चामडे हे त्यांचे मूळ काम. ॲपलशी भागीदारी करताना त्यांनी घड्याळाच्या पोटात हात घातला नाही. पेटी स्टीलचीच ठेवली. पट्टा आपला, तबकडीवरच्या अंकांची घडण आपली, पाठीवर नाव आपले आणि खोका आपला. आपल्या हातचे जे होते तेवढेच त्यांनी विकले.

या ठिकाणी एक साधा हिशेब उद्बोधक आहे. २०१५ मध्ये एका वेढ्याच्या पट्ट्याचे लहान आकारातील एर्मेस घड्याळ १,१०० डॉलरना, मनगटावर दोन वेढे घेणाऱ्या पट्ट्याचे १,२५० डॉलरना आणि रुंद पट्ट्याचे मोठे घड्याळ १,५०० डॉलरना होते. पुढच्या वर्षी एर्मेसचे पट्टे सुटेही मिळू लागले. त्यांच्या किमती अनुक्रमे ३४०, ४९० आणि ६९० डॉलर. ॲपलचे साधे स्टीलचे घड्याळ लहान आकारात ५४९ आणि मोठ्या आकारात ५९९ डॉलरना होते.

आता बेरीज करून पाहू. ५४९ अधिक ३४० म्हणजे ८८९. एर्मेस घड्याळ १,१०० ला, फरक २११ डॉलर. ५४९ अधिक ४९० म्हणजे १,०३९. एर्मेस घड्याळ १,२५० ला, फरक पुन्हा २११. ५९९ अधिक ६९० म्हणजे १,२८९. एर्मेस घड्याळ १,५०० ला, फरक तोच, २११ डॉलर. तिन्ही घड्याळांत सुट्या वस्तूंच्या बेरजेवर नेमके २११ डॉलर जास्त. शिवाय साध्या घड्याळासोबत रबरी पट्टा मिळत होता, तो यात मोजलेलाच नाही. हे २११ डॉलर म्हणजे पाठीवरचे कोरीव नाव, नारिंगी खोका आणि केवळ एर्मेस घड्याळातच उघडणाऱ्या तबकड्या यांची किंमत. यातल्या तबकड्या म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर. साधे ॲपल वॉच घेऊन त्याला एर्मेसचा खरा पट्टा लावला, तरी त्या तबकड्या त्यात येत नाहीत.

या हिशेबातून दिसते ते असे की ग्राहकाने दिलेल्या जादा पैशांपैकी मोठा वाटा पट्ट्यात होता. आणि पट्टा म्हणजे नेमकी टिकणारी वस्तू.

पट्टा दहा वर्षे कसा चालतो?

ॲपलने २०१५ मध्ये पट्टा अडकवण्याची जी खाच ठरवली, ती मुख्य घड्याळांत आजतागायत कायम आहे. ३८ मिलिमीटरच्या पहिल्या घड्याळाचा पट्टा पुढच्या ४० व ४१ मिलिमीटरच्या घड्याळांना बसतो. तेव्हाच्या ४२ मिलिमीटरचा पट्टा ४४, ४५, ४६ आणि ‘अल्ट्रा’च्या ४९ मिलिमीटरलाही बसतो. यात एक मेख मात्र आहे. ‘सीरिज १०’ पासून लहान घड्याळच ४२ मिलिमीटरचे झाले आणि त्याला जुन्या ३८, ४०, ४१ च्या गटातले पट्टे लागतात. जुना पट्टा विकत घेताना केवळ ‘४२’ हा आकडा पाहून फसगत होऊ शकते.

तर चांगल्या चामड्याचा, शिलाई नीट असलेला पट्टा वापरून मऊ होतो, त्याला रंग चढतो, आणि घड्याळ बदलले तरी तो नव्या घड्याळावर जातो. टिकाऊ मूल्य म्हणायचे ते हेच. मात्र ॲपलने २०२३ मध्ये पर्यावरणाचे कारण देऊन आपल्या सर्व उत्पादनांतून चामडे हद्दपार केले आणि ॲपलकडच्या एर्मेस पट्ट्यांमध्ये विणीचे कापड व रबर आले. ज्या वस्तूवर या भागीदारीची मदार होती, तीच बदलली. रबरी पट्ट्याला वयाबरोबर झळाळी येते असे कोणी म्हणणार नाही.

स्विस घड्याळ कंपन्यांनी काय केले?

ॲपलच्या पाठोपाठ नोव्हेंबर २०१५ मध्ये टॅग हॉयरने इंटेल आणि गुगल यांच्या साहाय्याने ‘कनेक्टेड’ हे १,५०० डॉलरचे घड्याळ आणले. टिकण्याचा प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी ग्राहकांना एक पर्याय दिला. दोन वर्षांची हमी संपल्यावर हे घड्याळ परत करा, आणखी १,५०० डॉलर भरा आणि कॅरेरा शैलीचे यांत्रिक घड्याळ घेऊन जा. एका अर्थाने कंपनीने स्वतःच मान्य केले होते की दोन वर्षांनंतर ग्राहकाला खरे घड्याळ हवेसे वाटेल. २०१७ च्या ‘मॉड्युलर ४५’ मध्ये त्यांनी त्यापुढे जाऊन मधला इलेक्ट्रॉनिक भाग काढून यांत्रिक भाग बसवण्याची सोय केली.

याच समूहातील लुई व्हिटॉनने २०१७ मध्ये ‘तांबूर होरायझन’ आणले, किंमत २,४५० डॉलरपासून पुढे. हुब्लोने २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ‘बिग बँग रेफरी’ काढले. ५,२०० डॉलरचे हे घड्याळ फक्त २,०१८ नग बनवले गेले आणि ते सामन्यातील पंचांच्या मनगटावरही होते. टॅग हॉयर, लुई व्हिटॉन आणि हुब्लो ही तिन्ही नावे एलव्हीएमएच या एकाच फ्रेंच समूहाची. दुसऱ्या बाजूने रिशमाँ समूहातील माँब्लाँने ‘समिट’ ही मालिका आणली.

या सर्वांची अडचण एकच होती. पेटी स्वित्झर्लंडची, नाव पॅरिसचे, पण चिप अमेरिकेची आणि संगणक प्रणाली गुगलची. इंटेलने काही वर्षांत मनगटी उपकरणांच्या चिपमधून अंग काढून घेतले. क्वालकॉमची ‘वेअर ३१००’ ही चिप २०१८ मध्ये आली आणि माँब्लाँ, लुई व्हिटॉन, टॅग हॉयर, हुब्लो यांनी ती वापरली. २०२१ मध्ये गुगलने सॅमसंगच्या साथीने ‘वेअर ओएस ३’ जाहीर केली, तेव्हा या चिपवरची घड्याळे नव्या प्रणालीच्या बाहेर राहिली. त्यात २०२० मध्ये आलेली, हजारो डॉलर किमतीची घड्याळेही होती. नीलमणी काचेवर ओरखडा नव्हता, टायटॅनियम जसेच्या तसे होते, तरी घड्याळ मागच्या पिढीचे झाले. कारण निर्णय ज्याच्या हाती होता त्याचे नाव तबकडीवर नव्हतेच.

हे अवलंबित्व पुढे या कंपन्यांनाही सलू लागले. लुई व्हिटॉनने २०२२ च्या होरायझनमध्ये गुगलची प्रणाली सोडून स्वतःची घेतली. टॅग हॉयरनेही २०२५ च्या नव्या ‘कनेक्टेड’मध्ये तीच वाट धरली. यामुळे प्रणाली किती वर्षे जिवंत ठेवायची हे ठरवणे आता ब्रँडच्या हाती आहे. ते ती ठेवतात का, हे पाहावे लागेल.

परवान्यावर चालणाऱ्या ब्रँडचे गणित वेगळे का?

एर्मेस किंवा टॅग हॉयर स्वतः निदान काही भाग घडवतात. मायकल कोर्स, एम्पोरिओ अर्मानी, डिझेल यांच्या स्मार्टवॉचमध्ये तसे नव्हते. ही नावे परवान्याने वापरून फॉसिल घड्याळे बनवत असे. आतले यंत्र जवळपास सारखे, वरचे रूप आणि नाव वेगळे. फॉसिलने यासाठी २०१५ मध्ये ‘मिसफिट’ ही कंपनी २६ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१९ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या स्मार्टवॉच तंत्रज्ञानाचा एक हिस्सा ४ कोटी डॉलरना गुगलला विकला. आणि २०२४ च्या जानेवारीत हा व्यवसायच बंद केला. आहे त्या घड्याळांना आणखी काही वर्षे सुधारणा देत राहू, असे कंपनीने तेव्हा सांगितले.

या मधल्या गटातला ग्राहक सर्वांत अडचणीत सापडतो. १७ हजार डॉलरचे घड्याळ घेणाऱ्याला तोटा परवडतो. दीड-दोन हजारांचे घड्याळ घेणारा ते दोन वर्षांत बिघडणार हे धरूनच चालतो. पण वीस-पंचवीस हजार मोजून ‘ब्रँडेड’ घड्याळ घेणाऱ्याची अपेक्षा टिकण्याची असते. प्रस्तुत प्रतिनिधीनेही नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून वडिलांसाठी असेच एका फॅशन ब्रँडचे स्मार्टवॉच घेतले होते. तीन वर्षांनी त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. दुकानात गेल्यावर उत्तर मिळाले की बॅटरी बदलून मिळत नाही, नव्या घड्याळावर सवलत मिळेल. वडिलांनी सवलत घेतली नाही. त्यांनी कपाटातून आजोबांचे एचएमटी ‘जनता’ काढले, गल्लीतल्या घड्याळजीकडून साफ करून आणले आणि तेच घालायला सुरुवात केली. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये घड्याळे बनवायला सुरुवात केली होती. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. कंपनी गेली, पण घड्याळ चालू आहे. कारण ते दुरुस्त करण्यासाठी कंपनी जिवंत असण्याची गरज नाही.

स्मार्टवॉच इतक्या लवकर म्हातारे का होते?

यामागे तांत्रिक कारणे तीन आहेत.

पहिले कारण बॅटरी. लिथियम आयन बॅटरी प्रत्येक भारणीबरोबर थोडी थोडी झिजते. ॲपल वॉचची बॅटरी १,००० पूर्ण भारण्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील अशा बेताने घडवलेली असते, असे कंपनी सांगते. रोज रात्री एक पूर्ण भारणी धरली, तर हा आकडा दोन वर्षे नऊ महिन्यांत गाठला जातो. नवे असताना जेमतेम दिवसभर पुरणारे घड्याळ त्यानंतर संध्याकाळी मान टाकू लागते. घड्याळ पाण्यात चालावे म्हणून त्याची काच चिकटवून बंद केलेली असते. ती उघडून बॅटरी बदलणे आणि पुन्हा तितकीच घट्ट बसवणे हे कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याचे काम राहत नाही.

दुसरे कारण चिप आणि प्रणाली. नव्या प्रणालीला अधिक स्मृती आणि अधिक वेग लागतो. मनगटावरच्या उपकरणात जागा आणि उष्णता यांच्या मर्यादेमुळे आधीच हात आखडता घेतलेला असतो. त्यामुळे फोनच्या तुलनेत घड्याळ लवकर मागे पडते. ॲपलचा कारभार यात तुलनेने बरा आहे. तरीही २०१९ चे ‘सीरिज ५’ २०२४ च्या ‘वॉचओएस ११’ मध्ये बसले नाही. म्हणजे पाच वर्षे. एर्मेस नावाला यात सूट नाही.

तिसरे कारण सर्वांत कमी बोलले जाते. स्मार्टवॉच ही एकटी चालणारी वस्तू नाही. तिला फोन लागतो, फोनवरचे ॲप लागते आणि त्यामागे कंपनीचा सर्व्हर लागतो. फोन बदलला, ॲप नव्या फोनवर चालेनासे झाले किंवा सर्व्हर बंद पडला, की ठणठणीत घड्याळही मुके होते. महागड्या फोनच्या बाबतीत हे आधीच घडून गेले आहे. नोकियाने सुरू केलेल्या ‘व्हर्टू’ने नीलमणी काच आणि मौल्यवान धातूंचे फोन विकले. ब्रिटनमधली ही कंपनी २०१७ मध्ये बुडाली. एलजी आणि प्राडाचा २००७ चा फोन, मोटोरोला आणि डोल्चे अँड गबाना यांचा सोनेरी ‘रेझर’ हे आज केवळ आठवणीतले नमुने आहेत.

यांत्रिक घड्याळाला यातले काहीच लागू नाही. तेही दर काही वर्षांनी उघडून साफ करावे लागते, तेल घालावे लागते आणि महागड्या घड्याळाची ही सेवा स्वस्त नसते. पण स्प्रिंग आणि चाके यांचे तत्त्व शतकानुशतके तेच आहे. भाग मिळाला नाही तर कुशल कारागीर तो घडवू शकतो. १५ वर्षांपूर्वीची चिप घडवून देणारा कारागीर कुठेही नाही.

स्मार्टवॉचने महाग घड्याळांचा बाजार खाल्ला का?

संख्येने पाहिले तर हो, पैशाने पाहिले तर नाही. ‘स्ट्रॅटेजी ॲनालिटिक्स’च्या अंदाजानुसार २०१९ मध्ये एकट्या ॲपलने सुमारे ३ कोटी १० लाख घड्याळे विकली, तर साऱ्या स्विस उद्योगाने सुमारे २ कोटी १० लाख. स्वित्झर्लंडची घड्याळ निर्यात २०१५ मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख नगांची होती. ती २०२३ मध्ये १ कोटी ६९ लाखांवर आली. पण याच काळात निर्यातीचे मूल्य सुमारे २१.५ अब्ज फ्रँकवरून २६.७ अब्ज फ्रँकवर गेले. नग चाळीस टक्क्यांनी घटले आणि पैसे सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. स्मार्टवॉचने स्वस्त स्विस घड्याळाची जागा घेतली, महाग घड्याळाला मात्र धक्का लागला नाही. उलट, आपण टिकतो ही गोष्ट त्याला आता अधिक ठसवून विकता आली.

भारतालाही याचा संबंध आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ‘एफ्टा’ गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून, स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत महागड्या स्मार्टवॉचच्या किमतीत चांगले यांत्रिक घड्याळ हा पर्याय भारतीय ग्राहकापुढे अधिक ठळकपणे येईल.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे का?

अंशतः. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार फेब्रुवारी २०२७ पासून हातात वागवायच्या उपकरणांतील बॅटरी वापरकर्त्याला बदलता येण्याजोगी असावी लागेल. मात्र पाण्यात वापरायच्या उपकरणांसारखे काही अपवाद त्यात आहेत. फोन आणि टॅब्लेट यांच्यासाठी जून २०२५ पासून तिथे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर सुधारणा ठरावीक वर्षे देण्याचे बंधन आले, पण स्मार्टवॉच त्या नियमात नाही. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. ई-कचरा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुन्या उपकरणांची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे. पण घड्याळाला किती वर्षे सुधारणा मिळतील, हे खोक्यावर छापण्याची सक्ती अजून नाही. औषधावर मुदत छापलेली असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. ५० हजारांच्या घड्याळावर नसते.

पण टिकाऊ मूल्य हवेच कशाला?

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. अत्तराची बाटली संपते, म्हणून कोणी ते फसवणूक म्हणत नाही. लग्नातला शालू वर्षातून एकदा बाहेर निघतो. चैनीची किंमत ही पुनर्विक्रीच्या भावात मोजायची नसते, ती वापरण्याच्या आनंदात असते, हा युक्तिवाद खोटा नाही. शिवाय स्मार्टवॉच हृदयाचे ठोके मोजते, पडल्यास मदतीला कळवते. हे काम कोणतेही यांत्रिक घड्याळ करणार नाही. ज्याला पाच वर्षांसाठी सुंदर आणि उपयोगी वस्तू हवी आहे आणि तिची किंमत पाच वर्षांत विभागून परवडते, त्याचा व्यवहार चुकीचा नाही.

अडचण येते ती ‘वारसा’, ‘पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी’ हे शब्द पाच वर्षांच्या वस्तूला चिकटवले जातात तेव्हा. एर्मेसच्या खोगिराला आणि हुब्लोच्या यांत्रिक घड्याळाला ते शब्द शोभतात. त्या नावाची पुण्याई चिपला मिळत नाही. ग्राहक मात्र पैसे त्या पुण्याईचे मोजतो.

मग घेताना काय पाहावे?

किंमत एकगठ्ठा न पाहता तिचे तीन तुकडे करावेत. पट्टा किती वर्षे चालेल आणि पुढच्या घड्याळाला बसेल का? पेटीचा धातू विकता येण्याजोगा आहे का? आणि यंत्राला किती वर्षे सुधारणा व बॅटरी मिळेल? पहिल्या दोहोंवर केलेला खर्च बव्हंशी राहतो. तिसऱ्यावरचा पाच वर्षांत संपतो, असेच धरून चालावे. एखाद्या घराण्याचा पट्टा आवडला असेल, तर साधे घड्याळ घेऊन पट्टा वेगळा घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. त्यात फक्त तबकड्या आणि खोका हुकतो. परवान्यावर बनलेल्या घड्याळात नाव कोणाचे आहे यापेक्षा बनवणारा कोण आहे आणि तो या धंद्यात राहणार आहे का, हे विचारावे. बॅटरी भारतात बदलून मिळते का आणि कितीला, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच दुकानात विचारावा. उत्तर लेखी मिळाले तर उत्तमच. मर्यादित संख्येच्या आवृत्तीला भुलू नये. बंद पडलेले दुर्मीळ घड्याळ हे आधी बंद पडलेले असते, मग दुर्मीळ.

आणि भेट द्यायची असेल, विशेषतः पुढच्या पिढीने वापरावी अशी इच्छा असेल, तर किल्लीचे घड्याळ अजूनही मिळते. माझ्या वडिलांच्या मनगटावरचे एचएमटी दिवसाला मिनिटभर मागे पडते. ते रोज सकाळी चहाआधी किल्ली देतात आणि काटे जुळवून घेतात. त्या स्मार्टवॉचचा पट्टा मात्र आईने टाकलेला नाही. चांगला आहे, कशाला तरी होईल, म्हणून तो अजून कपाटात आहे.